बाबांना पेशंटने दिलेली लाफित १९८२: एकच जुनी बाटली खासगीत विकायची तर काय करायचं

ताई, तुमचा प्रश्न सगळ्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. तुमचे बाबा मिरजेहून डॉक्टर होऊन इंग्लंडला आले, १९८७ साली एका पेशंटने त्यांना शातो लाफित रोथशिल्ड या महागड्या फ्रेंच वाइनची, १९८२ च्या द्राक्षांची, एक बाटली भेट दिली, बाबा पीत नसल्यामुळे ती जिन्याखालच्या कपाटात तशीच पडून राहिली. आता बाबा नाहीत, आई घर लहान करतायत, आणि तुमच्या मिस्टरांच्या ऑफिसातला एक जण म्हणतोय की १८०० पौंड रोख देतो, उद्या घेऊन या. विचारलंय ते असं की भाव बरोबर आहे का, असं परस्पर विकता येतं का, आणि नाहीतर पुण्याला जाताना नेऊन एखाद्या मोठ्या हॉटेलला विकली तर जास्त मिळतील का.

मी लंडनमध्ये बरीच वर्षं हेच काम करतोय, लोकांच्या घरातल्या जुन्या बाटल्या बघणं, तपासणं, ऑक्शनला लावणं नाहीतर एखाद्या वाइन मर्चंटला, म्हणजे व्यापाऱ्याला देणं. म्हणून जरा लांबण लागली तरी नीट सांगतो.

सगळ्यात आधी, आज उद्या काहीही देऊ नका आणि बाटली पुसू नका. खरंच सांगतो, लोक विकायच्या आधी ओल्या फडक्याने लेबल स्वच्छ करतात, कॉर्कवरचं धातूचं टोपण, म्हणजे कॅप्सूल, जरा सैल दिसली की काढून बघतात, कोणी हुशारी करून कोराविनची, म्हणजे कॉर्क न काढता वाइन ओढणाऱ्या यंत्राची, सुई घालून चव बघतं. यातलं काहीही केलं की बाटलीची किंमत तिथेच जाते. धूळ असू दे, डाग असू दे. बाटली जशी आहे तशी आडवी, अंधारात, घरातल्या सगळ्यात थंड जागी ठेवा, फ्रिजमध्ये नको, बॉयलरजवळ तर अजिबातच नको.

आता ती बाटली आहे काय ते बघू. लाफित म्हणजे फ्रान्सच्या बोर्डो भागातल्या पोयाक गावचं शातो, म्हणजे द्राक्षमळा आणि वाइनघर, १८५५ साली बोर्डोच्या वाइन्सची प्रतवारी झाली त्यात पहिल्या दर्जात बसलेलं, १८६८ पासून रोथशिल्ड घराण्याकडे. आणि १९८२ हे बोर्डोचं गाजलेलं वर्ष, रॉबर्ट पार्कर नावाच्या अमेरिकन समीक्षकाचं नावच मुळात या वर्षाच्या वाइन्सची जोरात बाजू घेतल्यामुळे झालं असं म्हणायला हरकत नाही. मग २००८ च्या फेब्रुवारीत हाँगकाँगने वाइनवरची ड्युटी काढून टाकली आणि पुढची दोन-तीन वर्षं चीनमधल्या श्रीमंत लोकांना लाफित म्हणजे लाफितच पाहिजे असं झालं, भाव कुठच्या कुठे गेले, २०११ मध्ये ते खाली यायला लागले. इतकी मागणी लाफितला तेव्हा होती की शातोने २००८ च्या वाइनच्या बाटलीवर चिनी आठचा आकडा कोरला. हे सांगायचं कारण म्हणजे तुम्हाला कोणीतरी २०११ च्या वेळचा भाव दाखवेल आणि तुम्ही त्यावर आशा लावून बसाल, तसं करू नका. शिवाय २०२२ च्या शेवटापासून एकूणच महागड्या वाइनचं मार्केट उतरलं, त्यामुळे २०२२ चा आकडासुद्धा आज धरून चालत नाही.

पण भावाच्या आधी एक प्रश्न आहे, ही खरंच लाफित आहे का. रागावू नका, तुमच्या बाबांवर किंवा त्या पेशंटवर शंका नाही घेत. आधी साधा भाग, लेबल नीट वाचा. लाफितच्या मालकीच्या दुसऱ्या वाइन्स आहेत, कारुआद आहे, शेजारचं ड्युआर-मिलों १९६२ पासून त्यांच्याचकडे आहे, शिवाय रोथशिल्ड नाव मोठ्या अक्षरात असलेल्या सुपरमार्केटातल्या स्वस्त बोर्डोसुद्धा आहेत, आणि घरातले लोक रोथशिल्ड वाचलं की लाफित समजतात. असं मी इतक्या वेळा बघितलंय की आता फोनवर कोणी लाफित म्हणालं तरी मी आधी फोटोच मागतो. तुम्ही लेबलचा मजकूर लिहून पाठवलाय त्यावरून तुमची मुख्य वाइनच दिसतेय, ते चांगलं आहे.

नकलींचा विषय मात्र गंभीर आहे, आणि लाफित १९८२ ही नकली करणाऱ्यांची अगदी आवडती बाटली. या धंद्यात दोन गोष्टी सगळ्यांना पाठ असतात. पहिली, १९८५ च्या डिसेंबरात लंडनला क्रिस्टीज या ऑक्शन हाउसमध्ये १७८७ ची म्हणून एक लाफित १,०५,००० पौंडाला गेली, काचेवर अमेरिकेचे जुने राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांची आद्याक्षरं कोरलेली. आणणारा हार्डी रोडेनस्टॉक नावाचा जर्मन संग्राहक, पॅरिसच्या एका जुन्या तळघरात सापडली म्हणाला पण कुठलं तळघर ते त्याने कधीच सांगितलं नाही. पुढे त्याच्याकडच्या तशाच बाटल्या बिल कोख या अमेरिकन उद्योगपतीने घेतल्या होत्या, त्याने तपास लावला आणि बाटल्या नकली आहेत म्हणून कोर्टात गेला. दुसरी गोष्ट रूडी कुर्नियावानची, हा घरी नकली वाइन बनवून मोठ्या ऑक्शनला विकायचा. २००८ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या एका ऑक्शनला फ्रान्सच्या बरगंडी भागातला वाइनमेकर लॉरां पोंसो स्वतः जाऊन उभा राहिला, कारण कॅटलॉगमध्ये रूडीने दिलेल्या, त्याच्या घरच्या क्लो सां-दनी नावाच्या वाइनच्या १९४५ पासूनच्या बाटल्या होत्या आणि त्याच्या घराण्याने ती वाइन करायला सुरुवातच १९८२ च्या सुमाराला केली होती! ते लॉट, म्हणजे विक्रीला लावलेल्या त्या बाटल्या, मागे घेतले गेले. २०१२ मध्ये एफबीआयने रूडीच्या कॅलिफोर्नियातल्या घरावर छापा घातला तेव्हा आत लेबलं, कॉर्क, शिक्के, सगळा कारखानाच निघाला, २०१४ ला त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. त्यानंतर या धंद्यात बाटलीच्या आधी बाटलीचा इतिहास विचारतात. कुठून आली, कोणाकडे होती, कशी ठेवली.

आणि इथेच ताई तुमची बाजू भक्कम आहे, तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा किती तरी भक्कम. तुम्ही सहज लिहिलंय की त्या पेशंटचं ख्रिसमस कार्ड आईने बाबांच्या फायलीत जपून ठेवलंय आणि त्यात वाइनचा उल्लेख आहे. ते कार्ड हरवू देऊ नका! एक बाटली, एकच कुटुंब, १९८७ पासून दुसऱ्या कोणाच्या हातात गेलेली नाही आणि सोबत त्या काळचा हस्ताक्षरातला कागद, हे आम्हाला फार क्वचित मिळतं. विकणारा माणूस खरं तर हेच विकत असतो, आतली वाइन कशी आहे ते उघडल्याशिवाय कोणालाच कळत नाही, मलाही नाही. म्हणून आज संध्याकाळी आईला घेऊन बसा आणि एक पानभर लिहून काढा, बाटली कोणत्या वर्षी आली, कोणी दिली, आधी कोणत्या घरात होती, १९९० च्या दशकात घर बदललं असेल तर तेव्हा कशी नेली, कपाटात हीटिंगचा पाइप जातो का, आडवी होती की उभी. उभी होती तर उभी लिहा. खोटं काही नको, कारण तपासणाऱ्याला कॉर्क बघून ते कळतंच. खाली आईची सही आणि तारीख. पेशंटचं नाव घेणाऱ्या संस्थेला सांगा पण फोटो इकडेतिकडे टाकताना झाकून टाका.

आता बाटलीची तपासणी. बाटली हळूच उभी करा, एक दिवस तशीच राहू द्या, मग मागून मोबाइलचा टॉर्च मारून वाइनची लेव्हल बघा. बोर्डोच्या बाटलीला मान असते आणि मग खांदा असतो, त्यावरून आम्ही बोलतो. लेव्हल मानेत किंवा मानेच्या तळाशी असेल तर चाळीस वर्षांच्या बाटलीला फारच छान, खांद्याच्या अगदी वरच्या भागात असेल तरी या वयाला नॉर्मल, खांद्याच्या मध्यावर आली असेल तर बायर बिचकतो आणि भाव दणकून पडतो, त्याच्याही खाली असेल तर जवळपास शोभेची वस्तू समजा. कारण लेव्हल खाली म्हणजे कॉर्कमधून वाइन उडून गेली किंवा गळली, आणि तेवढी हवा आत आली. मग कॉर्क बघा, काचेच्या कडेपेक्षा वर ढकलला गेलाय का, कॅप्सूलखाली चिकट वाळलेला ओघळ आहे का. कॉर्क वर आलेला असेल तर बाटली कधीतरी तापलेली आहे. कॅप्सूल बोटांनी हलकेच फिरवून बघा, जोर लावू नका, ती फिरली तर चांगलं, कारण गळलेली वाइन वाळली की ती घट्ट चिकटते. त्या काळातली कॅप्सूल शिशाची असते, पुढे १९९० च्या दशकात शिसं बंद झालं, त्यामुळे तुमची जड आणि मऊसर लागेल, हात धुवा नंतर.

तळाशी गाळ दिसला तर घाबरू नका, तो असायलाच पाहिजे, चाळीस वर्षांच्या रेड वाइनला गाळ नसेल तर मलाच काळजी वाटेल. मागे लेबल आहे का बघा, इंग्लंडच्या दुकानातून आलेल्या बाटलीवर बहुतेक वेळा एखाद्या मर्चंटची छोटी पट्टी असते किंवा काहीच नसतं. पण समजा मागे अमेरिकन सरकारचा आरोग्याचा इशारा छापलेला निघाला, तो १९८९ च्या शेवटापासून सक्तीचा झाला, मग १९८७ ला मिळालेल्या बाटलीवर तो कसा हा प्रश्न येणार. अशा छोट्या गोष्टी जुळतात का नाही, त्यावर सगळं ठरतं. अजून एक, अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली आधुनिक कागद निळसर पांढरा चमकतो हे तुम्ही कुठेतरी वाचाल, ती टेस्ट मुख्यतः १९५० च्या आधीच्या लेबलांसाठी कामाची आहे, तुमच्या १९८२ च्या लेबलवर त्यावरून काही ठरवू नका.

फोटो काढायचे ते असे, समोरून पूर्ण, मागून पूर्ण, लेबल जवळून, लेव्हल मागून उजेड टाकून, कॅप्सूल वरून आणि बाजूने, तळाचा खोलगट भाग आणि काचेवर काही उठावाचं असेल तर तेही. मानेत कॉर्कवरचा छाप काचेतून दिसत असेल तर तोही. प्रत्येक फोटोत शेजारी तुमच्या हाताने तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवा, म्हणजे कोणी तुमचे फोटो चोरून स्वतःची बाटली म्हणून विकायला लागलं तर पकडता येतं, हे होतं बरं का.

आता तुमचा मुख्य मुद्दा, ऑफिसातल्या माणसाला परस्पर द्यायची का. इंग्लंड आणि वेल्समध्ये लायसेन्सिंग ॲक्ट २००३ आहे. त्यानुसार दारू किरकोळ विकणं हे लायसन्सचं काम आहे, आणि तुम्ही खासगी माणूस म्हणून दुसऱ्या खासगी माणसाला पैसे घेऊन बाटली दिली तर ती किरकोळ विक्रीच होते, मग बाटली एक असो की शंभर. विनालायसन्स विक्रीला दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद अशी शिक्षा कायद्यात आहे. एका बाटलीसाठी कोणी तुमच्या दारात येऊन उभं राहील असं मी म्हणत नाही, पण तुम्ही माझं मत विचारलंत तर मी हा रस्ता कोणालाच सांगत नाही. याच कारणाने ईबे, फेसबुक मार्केटप्लेस वगैरेवरही टाकू नका, त्यांचे स्वतःचे नियमही आड येतात. पण त्याच कायद्यात एक महत्त्वाची गोष्ट आहे जी फार लोकांना माहीत नसते. व्यापाऱ्याला त्याच्या व्यापारासाठी विकलं तर ती किरकोळ विक्री धरत नाहीत. म्हणजे लायसन्स असलेल्या वाइन मर्चंटला तुम्ही तुमची एक बाटली सरळ विकू शकता, आणि ऑक्शन हाउसकडे स्वतःचं लायसन्स असतं म्हणून त्यांच्यामार्फतही विकू शकता. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे, तिकडे राहणाऱ्यांनी तिकडचं बघावं.

कायदा बाजूला ठेवला तरी दुसरं कारण आहे आणि ते मला जास्त मोठं वाटतं. समजा तो माणूस चांगला आहे, १८०० दिले, घरी नेली, सहा महिन्यांनी चार मित्र बोलावून उघडली आणि आत व्हिनेगर निघालं. किंवा त्याने ती पुढे विकायला नेली आणि तिथे कोणीतरी लेबलवर शंका घेतली. मग तो मिस्टरांच्या शेजारच्या टेबलावर बसतो, रोज. तुम्ही काय उत्तर देणार? ऑक्शनमध्ये किंवा मर्चंटकडे हा धोका तपासणारा माणूस अंगावर घेतो, त्याचे पैसे तो कमिशनमध्ये घेतो आणि ते पैसे वाया जात नाहीत.

पण त्या माणसाला खरंच ती हवी असेल तर सरळ मार्ग आहे. एखाद्या जुन्या नामांकित मर्चंटला दोघांनी मिळून सांगा की आमच्यात भाव ठरलाय, तुम्ही मध्ये या. मर्चंट बाटली तपासतो, तुमच्याकडून विकत घेतो, स्वतःचं थोडं मार्जिन लावून त्याला बिलासकट विकतो. सगळेच करत नाहीत, एका बाटलीसाठी काही जण नाही म्हणतील, पण विचारायला काय जातं, मी स्वतः असे व्यवहार लावून दिलेत आणि दोन्हीकडचे लोक निश्चिंत झालेत.

आता आकडे, कारण १८०० चांगले की वाईट ते त्याशिवाय कळणार नाही. वाइन-सर्चर या भाव दाखवणाऱ्या वेबसाइटवर जे भाव दिसतात ते दुकानदारांनी मागितलेले भाव आहेत, मिळालेले नव्हेत. त्यातही कुठे टॅक्स धरलेला असतो कुठे नसतो, कुठे सहा बाटल्यांच्या पेटीचा भाव असतो, आणि कुठे बॉन्डेड वेअरहाउसमधल्या मालाचा, म्हणजे ज्यावर ड्युटी आणि व्हॅट अजून भरलेलाच नाही आणि जो पहिल्या दिवसापासून नियंत्रित तापमानात आहे. विल्टशरमध्ये कॉरशमला ऑक्टेव्हियनचं कोठार आहे, जुन्या दगडाच्या खाणीत, जमिनीखाली खोल, तिथून आलेल्या मूळ लाकडी पेटीचा भाव आणि जिन्याखालच्या एका सुट्या बाटलीचा भाव एक होऊ शकत नाही, हे मनाला लावून घ्यायचं नाही. म्हणून दुकानांचे भाव सोडा आणि क्रिस्टीज, सदबीज, बोनम्स यांच्या जुन्या निकालांत त्याच वर्षाच्या सुट्या बाटल्या कितीला गेल्या ते शोधा, गेल्या वर्षभरातले.

तिथेही एक खाच आहे. मोठ्या ऑक्शन हाउसच्या साइटवर छापलेली किंमत बहुतेक वेळा बायर्स प्रीमियम, म्हणजे हाउस घेणाऱ्याकडून बोलीच्या वर घेतं ते कमिशन, धरून असते, म्हणजे ती घेणाऱ्याने दिलेली एकूण रक्कम, तुम्हाला मिळणारी नाही. फक्त हिशेब समजावा म्हणून गोल आकडे घेऊ. समजा साइटवर २५०० पौंड दिसतंय आणि प्रीमियम २५ टक्के आहे, तर हॅमर, म्हणजे शेवटची बोली, २००० ला पडला. त्यातून तुमचं विक्रेत्याचं कमिशन, ते १० ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असतं, १२ धरा, २४० गेले, त्यावर २० टक्के व्हॅट म्हणजे ४८. इन्शुरन्स दीड टक्का धरला तर ३० आणि त्यावरचा व्हॅट ६. हातात राहिले १६७६. आता दिसतंय ना, २५०० ची बाटली आणि १६७६ हातात. त्यामुळे ऑफिसातल्या माणसाचे १८०० हे लुबाडणं अजिबात नाही, तो बहुतेक प्रामाणिकपणे बोलतोय, पण तोच माणूस तपासलेल्या, बिल असलेल्या बाटलीला अजून थोडे जास्तही देईल आणि तुम्ही मोकळ्या व्हाल.

मर्चंट सरळ विकत घेतो तेव्हा दुकानाच्या भावापेक्षा बरंच कमी सांगतो, कारण त्याला ती ठेवायची, विकायची, आणि उद्या गिऱ्हाइकाने तक्रार केली तर पैसे परत द्यायचे. पण पैसे लगेच मिळतात आणि आकडा आधी कळतो. किमान तिघांकडून लेखी भाव मागवा, सगळ्यांना तेच फोटो आणि तेच निवेदन पाठवा. काही मोठे मर्चंट गिऱ्हाइकांची वाइन कमिशनवर विकून देतात, पण ती सोय सहसा त्यांच्याच कोठारात पहिल्यापासून ठेवलेल्या मालाला असते, घरातल्या बाटलीला नाही, तेव्हा त्यांनी नकार दिला तर बाटलीत खोट आहे असं समजू नका.

ऑक्शनचं बोलायचं तर मोठी हाउस एकेकट्या बाटलीला फारसा उत्साह दाखवत नाहीत, त्यांना किमान काही हजारांचा माल लागतो, पण लाफित १९८२ ला नाव आहे आणि कागद आहे म्हणून विचारून बघाच. नाहीतर लहान हाउस आणि ऑनलाइन वाइन ऑक्शन आहेत, तिथे सुट्या बाटल्या रोज जातात. सही करायच्या आधी सगळे खर्च लेखी घ्या, फोटोचा चार्ज, इन्शुरन्स, आणि बाटली विकली नाही तर परत पाठवायचा खर्च कोणाचा. रिझर्व्ह म्हणजे ज्याच्या खाली विकायची नाही तो आकडा, तो एस्टिमेटच्या, म्हणजे हाउसने दिलेल्या अंदाजे किमतीच्या, खालच्या आकड्यापेक्षा वर ठेवता येत नाही आणि मी म्हणेन की जरा खालीच ठेवा. लोक हावरटपणाने रिझर्व्ह वर नेतात, बाटली पडून राहते, आणि तो न विकलेला लॉट पुढच्या वेळी सगळ्यांना दिसतो. घाई नसेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरची सेल धरा, ख्रिसमसच्या आधी अशा बाटल्यांना मागणी असते. पैसे सेलनंतर साधारण महिना-सव्वा महिन्याने येतात.

टॅक्सचं टेन्शन घेऊ नका. ब्रिटनमध्ये अशी एखादी वस्तू ६,००० पौंडाच्या आत विकली तर कॅपिटल गेन्स टॅक्स लागत नाही. फक्त बाबांच्या इस्टेटीचे कागद अजून चालू असतील तर बाटली त्यात धरली गेलीये का आणि विकायचा अधिकार कोणाचा आहे ते सॉलिसिटरला विचारा, भाऊ-बहिणी असतील तर त्यांनाही आधी सांगा, बाटलीपेक्षा त्यावरून होणारी भांडणं मी जास्त बघितलीत.

फसवणुकीबद्दल दोन शब्द. तुम्ही कुठेही विचारणा केलीत की फोन यायला लागतील, आमच्याकडे परदेशातला बायर तयार आहे, दुप्पट देतो, फक्त आधी कागदपत्रांचे किंवा इन्शुरन्सचे दोनशे पौंड भरा. जो तुमचा माल विकत घेणार तो तुमच्याकडे आधी पैसे कशाला मागेल, फोन ठेवून द्या. आणि आमचा माणूस येऊन बाटली घेऊन जाईल, तपासून मग सांगतो असं कोणी म्हणालं तर पावतीवर बाटलीचं वर्णन, लेव्हल आणि ठरलेली किंमत लिहिल्याशिवाय दारातून बाहेर जाऊ देऊ नका.

न्यायची कशी, तर शक्य असेल तर स्वतः घेऊन जा. बहुतेक कुरिअरच्या नुकसानभरपाईत काच आणि द्रव पदार्थ बसत नाहीत, त्यांच्या अटी वाचल्यात तर दिसेल. लेबलभोवती क्लिंग फिल्मचा एक सैल वेढा, चिकटपट्टी कुठेही लेबलला लागू द्यायची नाही, मग बाटलीच्या मापाचा थर्माकोलचा डबा मिळतो त्यात. जुलै-ऑगस्टच्या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवून तीन तास फिरवू नका, इतकी वर्षं जपलेलं तेवढ्यात जाऊ शकतं.

पुण्याचा विचार मात्र सोडून द्या. स्वतःला प्यायला म्हणून बाटली नेणं वेगळं, प्रवाशाला दोन लिटरपर्यंत ड्युटी फ्री दारू आणता येते. पण विकायला महाराष्ट्रात दारूबंदी कायदा १९४९ आहे, लायसन्सशिवाय खासगी माणसाला विकता येत नाही आणि चांगलं हॉटेल अशी हातातून आलेली बाटली घेणारच नाही, त्यांना त्यांच्या लायसन्सधारक पुरवठादाराकडून आणि एक्साइजच्या नोंदीतूनच माल घ्यावा लागतो. वर विमान, उन्हाळा, आणि एका घरातला सलग इतिहास तुटला, म्हणजे तुमच्याकडची सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही स्वतःच्या हाताने घालवली.

इथे अजून एक सांगून टाकतो, कारण पुण्या-मुंबईचे नातेवाईक मला हे नेहमी विचारतात. नाशिकची किंवा नारायणगावची जुनी बाटली घरात सापडली, १९८० च्या दशकातली ओमर खय्याम नावाची वाइन वगैरे, तर तिला किंमत येईल का. त्या वाइन्सबद्दल मला मनापासून आदर आहे, आपल्याकडे द्राक्षातून हे होऊ शकतं हे त्यांनी दाखवलं, पण त्या लवकर प्यायच्या होत्या आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात कपाटात त्या टिकत नाहीत. आठवण म्हणून ठेवा.

राहिला एक प्रश्न, तुम्ही विचारला नाही पण आईच्या मनात असेल, की विकायचीच का. लेव्हल खांद्याच्या मध्याच्या खाली निघाली तर मी स्वतः विकायच्या भानगडीत पडणार नाही, त्या भावात कमिशन आणि प्रवास परवडत नाही. मग एखाद्या संध्याकाळी भावंडं जमवा, बाटली दोन दिवस आधी उभी करून ठेवा, गाळ खाली बसू द्या, जुना कॉर्क तुटतो म्हणून दोन पात्यांचा ओपनर आणा, उघडल्यावर फार वेळ ठेवू नका, इतक्या जुन्या वाइनचा वास तासा-दोन तासात जातो. चांगली निघाली तर चांगलीच आणि नाही निघाली तर बाबांच्या पेशंटचं कार्ड वाचा. फक्त नंतर रिकामी बाटली फोडून टाका किंवा लेबलवर पेनाने जाड रेघ मारा. लाफितच्या रिकाम्या बाटल्यांना नकली करणारे पैसे देतात, ती पुन्हा भरून कोणाच्या तरी माथी मारली जाते.

आणि लेव्हल चांगली असली, ऑक्शनला द्यायचं ठरलं, तर एक गोष्ट आठवणीने करा. कॅटलॉग छापायच्या आधी तुमच्या लॉटचं वर्णन वाचायला मागा. तिथे नुसतं एक बाटली, लेव्हल अमुक, लेबल किंचित डागाळलेलं एवढंच लिहिलं असेल तर त्यांना सांगा की १९८७ पासून एकाच कुटुंबाकडे, त्या काळच्या पत्रासह, हे वाक्य त्यात आलंच पाहिजे. बोली लावणारा हाँगकाँगमध्ये बसलेला असतो, त्याला तुमची आई दिसत नाही, ते वाक्य दिसतं.